उपाशी पट्टी

३ मार्च

पोचलो एकदाच्या! दोन खोल्या, एक गॅलरी, आणि नळाला दिवसभर पाणी. आणखी काय हवं माणसाला? पेट्यांच्या दोऱ्या अजून सुटल्या नाहीत, तोवर ताईची समोरच्या गॅलरीतल्या बाईंशी गट्टी जमलीसुद्धा. त्यांच्या नणंदेचे गुडघे, सासऱ्यांची कवळी, सगळं हिला पाठ. एकदा हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला घरात बोलायची पाळीच येत नाही. म्हणून ही वही घेतली. इथे तरी माझंच चालेल.

आलो ते ताईच्या हातासाठी, हे आधी लिहून ठेवते. तीन महिन्यांपूर्वी शिवणाच्या दुकानात वाफेची इस्त्री तिच्या डाव्या तळव्यावर पडली. जखम आज सुकते, उद्या चिघळते. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की असंच राहिलं तर बोटं आखडतील, मग सुई विसरा. आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. त्या दोन हातांनी तिनं लोकांचे कपडे शिवले आणि मला शिकवलं. माझ्यापायी तिचं लग्न राहिलं. एवढी एकच गोष्ट ती बोलत नाही, बाकी जगातलं सगळं बोलते.

उद्यापासून माझी नोकरी. माशाच्या कातड्यापासून जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवायचा कारखाना आहे. ताईला सांगितलं तर म्हणाली, मला माशाचं कातडं लावणार? मग पोहायला शिकवायचा खर्च वाचला म्हणायचा.

४ मार्च

नाकाला रुमाल बांधून गेले आणि उगाच हसं करून घेतलं. वास फक्त पहिल्या खोलीत. तिथं बर्फात कातडी येतात, खवले खरवडतात, चुन्याच्या निवळीत आणि मग आंबट पाण्यात धुतात. पुढच्या खोलीत ती कोमट पाण्यात तासन् तास ठेवतात, आणि कातड्याचा सगळा जीव त्या पाण्यात उतरतो. गाळलं की पेजेसारखं पातळ, स्वच्छ पाणी. त्याचंच जिलेटिन. ते पसरट स्टीलच्या थाळ्यांत ओतून गार केलं की थरथरणारी वडी होते. मला तर बोट लावून बघायचा मोह आवरेना, तेवढ्यात मोठ्या बाईंनी हातावर चापट मारली. हातमोज्याशिवाय काही म्हणजे काही शिवायचं नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुकादम. साठीच्या असतील, कारखाना सुरू झाल्यापासून आहेत. डावा हात कायम एप्रनच्या खिशात, आणि एका उजव्या हातानं चौघींचं काम उरकतात. त्यांच्या वर साहेब, ते काचेच्या केबिनमध्ये बसतात आणि नमस्कार केला की दचकतात.

माशाचं जिलेटिन नुसतं लावलं तर अंगाच्या उबेनंच वितळेल, म्हणून थाळीवर एक औषध ओतावं लागतं. इथे त्याला जोडपाणी म्हणतात. त्यानं आतले धागे एकमेकांना घट्ट धरतात. त्यानंतर आणखी एक पाणी असतं म्हणे. ते उद्या शिकवणार आहेत.

५ मार्च

अर्धी रजा, त्यामुळे दुसऱ्या पाण्याचं शिकणं राहिलं. ताईला इथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण आणि भला आहे. ताईनं त्याला दहा मिनिटांत त्याच्या आईचं माहेर विचारलं. जखम पाहिल्यावर मात्र त्यानं तिची बोटं एकेक वाकवून पाहिली. अजून महिनाभर वाट पाहू, म्हणाला. बोटं आखडणारच, हे त्याच्या मनात आहे ते मला कळलं आणि बसमध्ये माझे डोळे भरून आले. ताई म्हणाली की रडायचं असेल तर खिडकीजवळ बस, माझं लुगडं ओलं करू नकोस.

६ मार्च

आज मला स्वतंत्र थाळी दिली, नंबर अकरा! माझ्या हातानं जोडपाणी ओतलं, घड्याळ लावलं, कुठे बुडबुडा राहू दिला नाही. मग जेवणाची सुट्टी झाली, डबा खाऊन आले. मोठ्या बाई कडक असल्या तरी आतून मऊ आहेत. दारातून डोकं घालून विचारलं, जेवली का गं? मी म्हटलं, हो हो, मघाशीच, पोटभर. त्यांनी फळ्यावर खूण केली आणि गेल्या. नव्या ठिकाणी कुणी जेवणाचं विचारलं की किती बरं वाटतं.

७ मार्च

माझ्या थाळीच्या पट्ट्या सुकून आल्या, पण कडा मुडपलेल्या. विकायला चालणार नाहीत. माझं तोंड उतरलेलं पाहून मोठ्या बाई म्हणाल्या की पहिल्या थाळीचं असंच होतं, माल तोच आहे, घरी हाताबिताला कापलं तर आम्ही ह्याच वापरतो. मी धीर करून ताईचं सांगितलं. सगळ्या सहाच्या सहा पट्ट्या त्यांनी माझ्या पिशवीत घातल्या.

८ मार्च

सकाळी डॉक्टरला विचारून पहिली पट्टी लावली. कागदासारखी कडक होती. जखमेला टेकताच मऊ झाली, आणि अशी बसली की कड कुठे संपते ते दिसेना. ताई बोलता बोलता थांबली. मला वाटलं दुखलं. तर म्हणाली, अगं, दुखायचं थांबलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा! मी न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडले.

११ मार्च

बदलायला गेले तर पट्टी सापडेना. पडली नव्हती, मुरली होती. तिच्या जागी नवं गुलाबी कातडं, तान्ह्या बाळाच्या तळव्याचं असतं तसं. उरलेल्या भागावर दुसरी लावली. दवाखान्यात डॉक्टरनं तीनदा दिवा जवळ घेऊन पाहिलं, आणि ताईला म्हणाला की आजी, तुम्ही माझं नाव काढणार. आजी म्हटलेलं हिला जखमेपेक्षा जास्त झोंबलं. घरी येईपर्यंत तेच पुराण.

सध्या मी पाकिटं बंद करायच्या टेबलावर आहे. काम सोपं. दिवसभर मनात एकच, की ताई पुन्हा शिवणार.

१३ मार्च

ताईची करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटलीयत. रात्री मूठ मिटून झोपली असेल. मी कोमट पाण्यात धरून हळूच ओढलं तर ओरडली. मध्ये फट दिसत नाही. ताईनं हात वर धरून पाहिला आणि म्हणाली, बरं झालं, अंगठी घालायला एक बोट कमी.

मी हसले. हसायला नको होतं.

१४ मार्च

पुन्हा थाळ्यांच्या खोलीत काम मिळालं. जोडपाण्याचा तास संपला तशी शेजारच्या थाळीवरची बाई म्हणाली, चल, थाळ्यांना जेवू घालू.

मी खुदकन हसले. तिनं समजावून सांगितलं. जोडपाण्यानं धागे एकमेकांना धरतात, पण बरेच हात मोकळे राहतात, धरायला काहीतरी शोधत. ते शमावेत म्हणून दुसऱ्या पाण्यात बुडवायचं. त्यालाच इथे जेवण म्हणतात. थाळी जेवली की शांत होते. ज्याची थाळी त्यानं जेवू घालायची, मोठ्या बाई दुपारी येऊन विचारतात.

काय विचारतात, ते मी विचारलंच नाही. अकरा नंबर जेवली का, असं विचारायचं होतं त्यांना. आणि मी माझ्या डब्याचं सांगितलं.

घरी पळत आले. आता तिसरं बोटही.

१५ मार्च

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. पायाच धरले. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी खिशातून डावा हात काढला. शेवटची दोन बोटं नाहीत, एकच रुंद बोट आहे, एकच रुंद नख. व्रण नाही, शिवण नाही. वीस वर्षांपूर्वी उपाशी थाळीला उघडा हात लागला होता. तत्क्षणी दुसऱ्या पाण्यात बुडवला म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मग कॅन भरून जेवणाचं पाणी दिलं. ताईचा हात बादलीत दोन तास ठेवला. तिनं विचारलं, हे काय गं? मी खरं ते सांगितलं. माझ्या हातून झालं, ताई. मी थाळी उपाशी ठेवली. तिनं बादलीतला हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली की लहानपणी दूध उतू घालवायचीस तेव्हाही असाच चेहरा करायचीस. चल, भांडी घास.

एवढंच बोलली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

१६ मार्च

पाण्याचा काही उपयोग नाही. मोठ्या बाई घरी येऊन पाहून गेल्या. पट्टी असती तर जेवली असती, म्हणाल्या. आता ती पट्टी राहिली नाही, ताईचं कातडं झालंय. कातड्याला बाहेरून कोण भरवणार?

पाचही बोटं एक. शिवायचं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखा हात दिसतो.

१७ मार्च

डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, असं नसतं हो, जिलेटिन आठवड्यात अंगात विरघळून जातं. तरी त्यानं भूल देऊन बोटं सुटी केली, प्रत्येक बोटाला वेगळं बँडेज. सकाळी अकराला. चार वाजता बँडेज ढिली होऊन खाली पडली होती. आतून ढकलल्यासारखी.

हात पुन्हा एक. आधीपेक्षा घट्ट. कापलं म्हणजे नवी जखम झाली, आणि जखम दिसली की ती पट्टी भरायला धावते. आपणच तिला खायला घातलं.

१८ मार्च

दुपारी ताईचा डोळा लागला. हात गालाखाली.

मी धुणं वाळत घालत होते. दहा मिनिटं. फार तर पंधरा. तिची हाक आली, अर्धवट, तोंडातल्या तोंडात. हात गालाला—

दवाखाना.

१९ मार्च

हात सोडवला. गालाचं सालटं निघालं, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. भरलंसुद्धा. गुलाबी, गुळगुळीत. सुंदर म्हणावं असं. नर्स म्हणाली, किती छान भरलंय.

कानाचं भोक दिसत नाही.

साहेब येऊन गेले. मोजपट्टी घेऊन. हाताची लांबी, गालाची लांबी, टिपून घेतली. इतकी पक्की जोड आजवर पाहिली नाही, म्हणाले. तोंडून निघून गेलं असावं, कारण लगेच मान खाली घातली. काही उपाय, असं विचारलं तर चष्मा पुसत बसले. मग गेले.

२० मार्च

ओठांचा डावा कोपरा मिटला. बोटाच्या पेराएवढा. ताई उजव्या बाजूनं बोलते. बोलतेच आहे. समोरच्या बाईंच्या नणंदेला शेक द्यायला सांग, म्हणाली. मी ऐकत नाही असं वाटून रागावली.

मला आता कळलं. त्या पट्टीला जखम आणि तोंड यातला फरक कळत नाही. दोन्ही उघडंच ना? उघडं दिसलं की भरून टाकायचं. डोळा, नाक, तोंड. तिच्या लेखी ताई म्हणजे नुसत्या जखमा.

ती वाईट नाही. ती बरंच करतेय. कुणाला शिव्या घालू?

२१ मार्च

अर्धं तोंड. डॉक्टरनं कोपरा कापून उघडला. मी नको नको म्हणत होते, ऐकलं नाही. संध्याकाळी पाऊण तोंड बंद.

आता तोही कात्री उचलत नाही. व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभा होता. पोरच आहे ते.

डावी नाकपुडी गेली.

२२ मार्च

मोठ्या बाई आल्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या. जाताना म्हणाल्या, चूक माझी, मी थाळीचं नाव घेऊन विचारायला हवं होतं. मी म्हटलं, माझी. दोघी रडलो. रडून काय होतंय?

उजवी नाकपुडी — अर्धी.

ताई एकेक शब्द बोलते. पाणी. ऊठ. जेव.

२३ मार्च

नाक बंद. तोंडाला उजवीकडे फट आहे, त्यातून श्वास. शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरनं फटीत नळी घातली. तीन तासांत नळी उशीवर. गळ्याला भोक पाडून नळी घातली. चार तास टिकली. आता गळा गुळगुळीत. जणू कधी काही—

रबर राहत नाही. प्लास्टिक राहत नाही. स्टील नाही. परकं ते बाहेर काढते. मांस तेवढं ठेवून घेते.

मी हे काय लिहितेय ते मला कळतंय.

ताईचा डावा डोळाही जुळला, उजवा उघडा आहे. माझ्याकडे बघतेय. माझं मनातलं तिला लहानपणापासून कळतं. मान हलवतेय. नको. नको.

२४ मार्च, सकाळ

फट अंगठ्याएवढी.

तिला शिवताना घालते तो हातमोजा काढला. उजव्या हाताची तर्जनी घातली. डॉक्टर ओरडला. ओरडू दे. बोटाच्या कडेनं थोडी जागा राहते, तिथून हवा जाते. शिट्टी थांबली. छाती वरखाली होतेय. जगतेय माझी ताई.

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाईट.

२४, दुपार

चिकटलं. दुखत नाही. तिचे ओठ कुठे संपतात आणि माझं बोट कुठे सुरू होतं ते दिसत नाही. कडेची जागा आहे अजून. थोडी.

डॉक्टर म्हणतो बोट कापून टाकू, तुम्ही तरी सुटाल. मी म्हटलं, मग भोक बुजेल. तो म्हणाला, तसंही— मी त्याला बाहेर घालवलं.

ताई जिभेनं बोट ढकलतेय. बाहेर. पुन्हा पुन्हा. मला सोडवायला बघतेय. या अवस्थेतही मलाच.

ताई, निघत नाही गं. निघत असतं तरी काढलं नसतं. तुझा दुसरा कानही बुजला, कसं सांगू? नखानं जिभेवर हळूच खाजवलं. नको ढकलूस.

ढकलतेय.

२५ मार्च

कडेची जागा केसाएवढी. हवा येते. थंड लागते बोटाला. आली की मोजते. एक. दोन. मग बराच वेळ — तीन.

डोळा मिटला. पापण्या जुळल्या. मला शेवटचं बघितलं का, माहीत नाही. मी तेव्हा वहीत बघत होते.

जीभ अजून ढकलतेय. हळू. थकली असेल.

चार.

आता ढकलत नाही. झोपली वाटतं. नखानं खाजवून बघते —

ढकलत नाही म्हणजे थकली नाही. जीभ हलतच नाही. माझ्या बोटाला तिची जीभसुद्धा —

पाच —

कडेनं हवा —